स्कोप आणि लेझर एकत्र असलेली साइट एअर रायफलला घ्यावी का? आणि झिरो करताना, म्हणजे नेम आणि छर्रा एका जागी जुळवताना, आधी स्कोप की आधी लेझर?

मल्हारगंज_इंदूर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ४.५ मिमीची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, नळी मोडून छर्रा भरायचा ती. रविवारी सकाळी क्लबच्या १० मीटर रेंजवर जातो आणि कधीमधी सिमरोलकडे साडूच्या शेतावर, तिथे विहीर खणताना निघालेल्या मातीचा मोठा ढिगारा आहे, त्याच्यापुढे २० मीटरवर टारगेट लावतो. वय अठ्ठावन्न, चाळिशीचा चष्मा कधीचाच लागलाय, आणि आता असं व्हायला लागलंय की पुढची साइट स्पष्ट दिसली तर टारगेट पुसट आणि टारगेटकडे बघितलं तर साइट पुसट, मागच्या साइटची तर नुसती सावली दिसते. नेमबाजी सोडायची नाहीये. ऑफिस सुटल्यापासून आठवड्यातली हीच एक गोष्ट आहे जिची मी वाट बघतो.

तर आता ऑनलाइन ते थ्री-इन-वन दिसतंय, खाली ३-९x४० चा स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, ४० मिमी भिंगाचा), त्याच्या डोक्यावर रेड डॉटची काच, जिच्यात नेमासाठी लाल ठिपका दिसतो, आणि बाजूला लेझर, सगळं एकाच सांगाड्यात. एका दुकानात विचारलं तर तिथले म्हणाले की लेझर लावला की नेम धरायचं कामच नाही, लाल ठिपका जिथे तिथे छर्रा. पुतण्या म्हणतो काका स्कोप नको, नुसता रेड डॉट घ्या ज्याच्यात लेझर आतच असतो. बजेट आठ-दहा हजार. घेताना काय बघायचं, आणि घेतल्यावर आधी काय सेट करायचं आणि किती अंतरावर, हे कोणी नीट समजावून सांगेल का? घाई नाही, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

रेवती_रेंज_शेजारी

काका नमस्कार. मी पण इंदूरचाच, नोकरीत असताना हत्यारं झिरो करणं हेच काम होतं त्यामुळे विषय जवळचा आहे.

दुकानातलं ते वाक्य आधी डोक्यातून काढून टाका कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. लेझर म्हणजे प्रकाश, तो सरळ जातो. छर्रा पडत पडत जातो. तुमच्या रायफलीचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असणार, तो सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला असं धरा म्हणजे १० ज्यूलच्या आसपास ताकद झाली, तर १० मीटरवर पोचेपर्यंत तो नळीच्या रेषेपासून सव्वा ते दीड सेमी खाली आलेला असतो, २० मीटरवर साडेपाच सेमीच्या आसपास आणि ३० ला तेरा-चौदा सेमी. अंतर दुप्पट केलं की पडणं चौपट होतं, हवेमुळे थोडं जास्तच. वर तुमचा स्कोप नळीच्या मधापासून चार-साडेचार सेमी उंच बसणार आणि लेझर कुठेतरी बाजूला. मतलब तीन रेषा झाल्या, एक तुमच्या नजरेची, एक लेझरची आणि एक छर्र्याची, त्यातल्या दोन सरळ आणि एक वाकडी. या तिन्ही एका जागी भेटतात ते फक्त एकाच अंतरावर, जे तुम्ही ठरवाल त्या. त्याच्या अलीकडे पलीकडे त्या वेगळ्या होणारच, कितीही महाग माल घ्या. एवढं पक्कं समजलं की बाकी सगळं सोपं आहे.

आता घेताना काय बघायचं. स्प्रिंगच्या रायफलीचा झटका बंदुकीसारखा नसतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन नळीच्या तोंडाशी येऊन थांबला की रायफल पुढे झटका खाते, दोन्हीकडून मार. मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकणारे स्कोप पण स्प्रिंग एअर रायफलवर ढिले होतात कारण त्यांची भिंगं फक्त मागच्या झटक्यासाठी बसवलेली असतात. म्हणून डब्यावर स्प्रिंग एअर रायफलसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, नसेल तर घेऊच नका. ते थ्री-इन-वन जे तुम्ही बघितलंत त्यात जोड फार असतात, स्कोपला रेल, रेलला रेड डॉट, बाजूच्या पट्टीला लेझर, प्रत्येक जोडाला दोन-दोन स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रू त्या दुहेरी झटक्याने सैल व्हायला तयारच असतो.

दुसरं, तुमच्या रायफलीवर स्कोप बसवायला बहुतेक ११ मिमीची डव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांची खाच असेल. बाजारातले बरेचसे माउंट २० मिमीच्या रेलचे असतात, विव्हर किंवा पिकाटिनी, ते तुमच्यावर बसणार नाहीत. मोजून घ्या. आणि माउंटला स्टॉप पिन असलेला घ्या जी रिसीव्हरवरच्या भोकात बसते, नाहीतर प्रत्येक झटक्याला सगळं हळूहळू मागे सरकतं आणि तुम्ही इकडे स्कोपच्या नॉबच्या क्लिक फिरवत बसता.

तिसरं आणि १० मीटरसाठी सगळ्यात महत्त्वाचं, एओ. म्हणजे पुढच्या भिंगाची कडी फिरवून अंतर लावता येतं ते, आणि त्याच्यावर १० पासून आकडे पाहिजेत. साधे स्कोप कारखान्यातून १०० मीटर किंवा १०० यार्डावर पॅरालॅक्स लावून येतात, म्हणजे त्या अंतरावर डोळा हलला तरी नेम सरकत नाही. १० मीटरवर त्यातून टारगेट पुसट तर दिसतंच पण डोळा मध्यभागातून जरा हलला की स्कोपमधली नेमाची फुली टारगेटवर सरकते. हिशेब सांगतो, ४० मिमीचं भिंग, १०० मीटरचा पॅरालॅक्स, १० मीटरवर वापरलं तर डोळा पार कडेला गेल्यावर १८ मिमीपर्यंत फरक. १० मीटर एअर रायफलच्या टारगेटचा काळा गोलच ३०.५ मिमीचा असतो, म्हणजे अर्ध्या गोलापेक्षा जास्त चूक नुसती गाल ठेवण्यातून. तुम्ही म्हणाल आज ग्रुप, म्हणजे छर्र्यांचा झुबका, का फुटतोय, तर हे कारण.

कमाटीबाग_बडोदा

काका, मी बडोद्याला डोळे तपासायचं काम करते, म्हणून डोळ्यांच्या बाजूने लिहिते, शूटिंगचं वरच्या दादांनी लिहिलंच आहे.

तुम्हाला जे होतंय ते अगदी अपेक्षित आहे. उघड्या साइटला डोळ्याला मागची साइट, पुढची साइट आणि टारगेट अशा तीन अंतरांवर एकदम बघायला लागतं. तरुण डोळा पटापट फोकस बदलतो म्हणून तीनही दिसल्यासारखी वाटतात, चाळिशीनंतर भिंग कडक होत जातं आणि ते जमत नाही. स्कोप किंवा रेड डॉटमध्ये खूण आणि टारगेट जवळपास एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात, डोळ्याला एकच फोकस पुरतो, म्हणून तुमच्या वयाला हा मार्ग बरोबरच आहे. मनात कसलाही किंतू ठेवू नका.

पण रेड डॉट घ्यायच्या आधी एक करा, तुमच्या चष्म्याच्या कागदावर सिलिंड्रिकल नंबर (अॅस्टिग्मॅटिझमचा) बघा. तो असेल आणि तुम्ही चष्म्याशिवाय बघितलंत तर तो लाल ठिपका गोल दिसणार नाही, शेपटी फुटल्यासारखा किंवा दोन-तीन ठिपके चिकटल्यासारखा दिसेल, आणि लोक माल खराब आहे म्हणून परत करतात. दुकानातच मोबाइलचा कॅमेरा रेड डॉटच्या काचेमागे धरा. कॅमेऱ्यात ठिपका गोल दिसला तर काच बरोबर आहे आणि इलाज चष्म्यात आहे. स्कोपमध्ये ही अडचण कमी येते कारण रेटिकल, म्हणजे ती फुली, काचेवर कोरलेलं असतं आणि डोळ्याकडची कडी फिरवून ते स्वतःच्या नंबरला जुळवता येतं. ही कडी मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे बघून फिरवायची, टारगेटकडे बघत नाही, नाहीतर डोळा आपोआप जुळवून घेतो आणि सेटिंग चुकतं. सूर्याकडे अर्थातच नाही.

आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर रेंजवर तो नको. दस्त्यावर गाल टेकवला की मान तिरकी होते आणि आपण काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून बघतो, तिथे प्रोग्रेसिव्हचा नंबर नीट नसतो. फक्त दूरच्या नंबराचा साधा एक चष्मा करून घ्या, मोठ्या फ्रेमचा.

लेझरचं मात्र गांभीर्याने घ्या. लेबलवर क्लास लिहिलेला असतो. क्लास २ म्हणजे १ मिलिवॅटपर्यंत, चुकून डोळ्यावर आला तर पापणी मिटते तेवढ्यात वाचतो. ३आर म्हणजे ५ मिलिवॅटपर्यंत, तिथे सावधगिरी हवी. त्याच्या वरचा ३बी रेटिनाला कायमची इजा करू शकतो आणि ती इजा दुखत नाही म्हणून लगेच कळतही नाही. लेबल नसलेला लेझर घेऊच नका. हिरवा स्वस्तातला असेल तर अजून एक गोष्ट, बरेचसे ५३२ नॅनोमीटरचे हिरवे लेझर आत इन्फ्रारेड किरणापासून हिरवा तयार करतात, आणि फिल्टर नीट नसेल तर न दिसणारा इन्फ्रारेड पण बाहेर येतो, ज्याला पापणी मिटतच नाही. माझं मत विचाराल तर लाल, ५ मिलिवॅटच्या आत, आणि कपडे वाळत घालायच्या स्टीलच्या दांड्या, पाण्याची टाकी, काचेची तावदानं यांच्याकडे चुकूनही नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

माझं मत थोडं वेगळं आहे, लिहितो. १० आणि २० मीटरला कागदावर छर्रे मारायचे असतील तर लेझर हवा कशाला? दुपारच्या उन्हात लाल ठिपका १० मीटरवर सुद्धा शोधायला लागतो, २० ला तर विसराच. हिरवा जास्त दिसतो कारण आपला डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तेज असतो आणि हिरवा त्याच्या जवळ, लाल ६३५-६५० वर, पण हिरव्याचे धोके ताईंनी सांगितलेच. तोच पैसा चांगल्या एओ स्कोपमध्ये घाला.

आणि थ्री-इन-वनमधला वरचा रेड डॉट तर अगदीच नको. तो नळीपासून नऊ-दहा सेमी वर जातो, त्यातून बघायला गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. गाल हवेत असेल तर नेम कसला. एअर रायफलमध्ये छर्रा नळीत बराच वेळ असतो, तेवढ्यात रायफल हलली की गेला.

मल्हारगंज_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सिलिंड्रिकल नंबर माझ्या कागदावर आहे, उजव्या डोळ्याला पाऊण, म्हणजे रेड डॉटचा विषय संपला.

लेझर का हवाय ते सांगतो. नातवाला (सोळाचा आहे) क्लबमध्ये बरोबर नेतो आणि तो ट्रिगर दाबताना नळी कुठे जाते ते मला बाजूला उभं राहून दिसत नाही. लेझरने ते दिसेल असं क्लबातले एक जण म्हणाले. शिवाय खरं सांगायचं तर मला स्वतःला पण बघायचंय की माझा हात किती हलतो.

आता एक ४-१२x४० एओवाला बघितलाय, मिल-डॉट रेटिकल म्हणजे फुलीवर ठिपके असलेलं, त्याच्याबरोबरच नळकांड्यावर बसणारा लाल लेझर येतो, उजव्या बाजूला, एकाच ब्रॅकेटमध्ये. स्प्रिंगसाठी चालेल असं डब्यावर लिहिलंय, लेझरवर ३आर आणि ५ मिलिवॅटच्या आत असं. पाव एमओए क्लिक. ११ मिमीचे माउंट स्टॉप पिनसकट वेगळे घेईन. हे ठीक आहे ना? आणि आता झिरोचं सांगा.

रेवती_रेंज_शेजारी

हा ठीक आहे काका, घ्या. आता बसा निवांत, मोठं लिहितोय.

बसवताना घाई करू नका. रिंगमध्ये स्कोप ठेवला, वरचे स्क्रू हलके लावले की फुली सरळ करायची. १० मीटरवर ओळंबा टांगा, गवंडी वापरतात तोच, आणि रायफल दोन्ही बाजूंनी समपातळीत धरून उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर बसवा. फुली तिरकी राहिली तर वरखाली क्लिक फिरवताना छर्रे बाजूला पण सरकतात, आणि १० ला लागलेलं २० ला बाजूला जातं. मग स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, अॅलन की लांब बाजूने नव्हे, छोट्या बाजूने दोन बोटांत धरून, पार पिळायचं नाही, नळकांडं दबतं. लेझरचा ब्रॅकेट या घडीला लावू नका, डब्यातच राहू द्या.

नॉब मध्यावर आहेत का बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकूण क्लिक मोजा आणि अर्ध्यावर आणून ठेवा. नळी मोडायच्या रायफलीत बऱ्याचदा नळी किंचित खाली झुकलेली असते, तिला ड्रूप म्हणतात, त्यामुळे छर्रे खूप खाली लागतात आणि वर आणता आणता नॉब संपायला येतो. नॉब टोकाला गेला की आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो रोज वेगळा येतो. असं दिसलं तर मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्यात पातळ प्लास्टिक फिल्मची पट्टी घाला, एक्स-रेची जुनी फिल्म छान चालते, म्हणजे स्कोपचा मागचा भाग उंच होतो. फार जाड नको.

छर्रा एकच ठरवा. डबा बदलला, वजन बदललं, की झिरो बदलला. रोज वापरणार तोच डबा झिरोला.

आता टेकवायचं कसं. स्प्रिंग रायफल वाळूच्या घट्ट पिशवीवर दाबून ठेवली तर ती टेकूवरून उडते आणि हातात धरल्यावर वेगळीच लागते. पिशवीवर आपला डावा पंजा उघडा ठेवा, पंज्यावर रायफल अलगद, मुठीत आवळायची नाही, खांद्याला पण हलकीच. तिला मागे-पुढे मोकळेपणाने हलू द्या, प्रत्येक वेळी सारखीच हलेल. घट्ट धराल तर तुमची घट्ट प्रत्येक वेळी वेगळी असते.

पहिले १० मीटरवर. पाच छर्रे, सगळे एकाच बिंदूवर नेम धरून, मधे काहीही फिरवायचं नाही. एका छर्र्यावर क्लिक फिरवणारे दिवसभर फिरवत बसतात. पाचांचा मधला बिंदू पेन्सिलने काढा आणि नेमाच्या बिंदूपासून मिमीमध्ये मोजा. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेमी, म्हणून १० मीटरवर २.९ मिमी, आणि तुमची पाव एमओएची एक क्लिक १० मीटरवर जेमतेम पाऊण मिमी, नेमकं ०.७३. समजा ग्रुप १२ मिमी डावीकडे आणि ९ मिमी खाली आहे, तर १६ क्लिक उजवीकडे आणि १२ वर. नॉबवरचा बाण छर्रा कुठे सरकवायचा ते दाखवतो, फुली कुठे सरकेल ते नाही. फिरवून झालं की दोन छर्रे मोकळे मारा, स्प्रिंगला बसायला वेळ लागतो, मग परत पाच.

छर्रे कागदावर नेमाजवळ लागायला लागले की २० मीटरवर जा आणि शेवटचा झिरो तिथेच करा. का ते सांगतो. मी वर दिलेल्या वेगाच्या हिशेबात, स्कोप साडेचार सेमी उंच धरला आणि २० वर झिरो केला, तर १५ ते २० मीटरच्या दरम्यान छर्रा फुलीच्या जवळपासच असतो, एखाद-दोन मिमीचा फरक. १० वर तो पाऊण ते एक सेमी खाली लागतो. म्हणजे शेतावरचं सगळं फुलीवर आणि क्लबमध्ये फक्त एक ठरावीक उंची लक्षात ठेवायची. २० वर तुमची क्लिक दीड मिमीची होते हे विसरू नका, तिथे १० चे आकडे वापरू नका.

हे सगळं पक्कं झालं, म्हणजे दोन वेगवेगळ्या दिवशी ग्रुप त्याच जागी आला, की मग लेझर. आणि लेझर छर्र्यांनी सेट करायचाच नाही. छर्रे वाया जातील आणि तुमच्या हाताचं हलणं त्याच्यात मिसळेल. रायफल पिशव्यांमध्ये पक्की अडकवा, रिकामी, फुली २० मीटरवरच्या खुणेवर बसवा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर लेझरच्या दोन छोट्या स्क्रूंनी लाल ठिपका फुलीच्या मधे आणा. बस. स्कोपला छर्र्यांनी शिकवलं, लेझरला स्कोपने.

इथे एक गोष्ट उलटी आहे. स्कोपचा नॉब बाणाप्रमाणे छर्रा हलवतो. लेझरचा स्क्रू ठिपकाच हलवतो. नुसता लेझर लावून कोणी झिरो करत असेल आणि छर्रे ठिपक्याच्या डावीकडे लागत असतील तर ठिपका डावीकडे न्यायचा, छर्र्यांकडे. बरेच जण स्कोपच्या सवयीने उजवीकडे नेतात आणि अंतर दुप्पट करून बसतात. लेझरच्या स्क्रूला क्लिक नसते, एक सैल करून समोरचा आवळायचा किंवा आतली स्प्रिंग दाबायची असते, पाव आट्याने बघत बघत जा. जागेवर आला की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब, झटक्याने फिरणार नाही आणि पुढे कधी काढायचा झाला तर निघतो पण.

तुमचा लेझर उजवीकडे आहे. समजा नजरेच्या रेषेपासून तो ३ सेमी उजवीकडे बसला. २० वर तो फुलीत आणला तर १० वर तो दीड सेमी उजवीकडे दिसेल आणि ३० वर दीड सेमी डावीकडे. हे बिघडलेलं नाही, हीच भूमिती आहे. लेझरची रेष नजरेच्या रेषेला एका कोनात कापते. दुसरा मार्ग असा की लेझर समांतर लावायचा, कागदावर दोन खुणा काढायच्या ३ सेमी अंतराने, फुली एकीवर आणि ठिपका दुसरीवर, मग तो कुठल्याही अंतरावर ३ सेमी उजवीकडेच राहतो. नातवाला शिकवायचं असेल तर मला समांतर जास्त आवडेल, अंतर बदललं तरी हिशेब बदलत नाही.

छप्पन_दुकान

मी इंदूरला मुलांना एअर रायफल शिकवते, त्यामुळे नातवाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काका, लेझरचा खरा उपयोग तुम्ही ओळखलात. कोरा सराव, म्हणजे छर्रा न भरता सराव करताना मुलगा ट्रिगर दाबतो तेव्हा भिंतीवरचा ठिपका खाली-उजवीकडे उडी मारतो की जागेवर राहतो, हे त्याला स्वतःला दिसतं आणि मग दहा वेळा सांगायला लागत नाही. श्वास सोडून थांबला की ठिपका कसा शांत होतो ते पण दिसतं. पण स्प्रिंगची रायफल चढवून छर्र्याशिवाय सोडायची नाही, पुढे हवेची गादी नसते, पिस्टन थेट आदळतो आणि सील फाटतं. न चढवताच सराव, ट्रिगर फक्त दाबण्यापुरता.

त्याला स्पर्धा खेळायची असेल तर एक सांगून ठेवा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) रायफल स्पर्धेत स्कोप, रेड डॉट, लेझर काहीच चालत नाही, तिथे मागे छोट्या भोकाची डायऑप्टर साइट आणि पुढे गोल कडी. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनला ब्रॉन्झ घेतलं ते तसल्याच साइटवर. तेव्हा मुलाला त्याची सवय आत्तापासून करा, स्कोप तुमचा, डायऑप्टर त्याची. आपल्या खरगोनकडचा ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर पण भोपाळच्या अकादमीत याच वाटेने तयार झाला, इथून हे सगळं फार लांब नाही.

आणि गच्चीवर सराव करायचा मोह होतो, मल्हारगंजात घरं चिकटून आहेत, कृपया नको. छर्रा दोनशे-तीनशे मीटर सहज जातो. रायफल ४.५ मिमीची आणि २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही हे खरं, पण कोणाला लागलं तर जबाबदारी पूर्ण आपलीच. लेझर वर आकाशाकडे तर कधीच नाही, एअरपोर्ट रोड तुमच्या अंगणातच आहे आणि विमानाकडे लेझर मारणं गुन्हा आहे. शेतावर पक्षी दिसले तरी रायफल खाली. मुलगा तुमचंच बघून शिकणार.

लष्कर_ग्वाल्हेर

शिकवण्यासाठी लेझर, हे पटलं. तेवढ्यासाठी असेल तर माझा विरोध नाही. फक्त छर्रे मारताना तो बंद ठेवा, नाहीतर एक डोळा फुलीकडे आणि मन ठिपक्याकडे असं होतं. आणि रेंज संपली की सेल काढून ठेवा, सीआर२०३२ असेल तर बटण चुकून दाबलं जाऊन रात्रीत संपतो.

मल्हारगंज_इंदूर

मंडळी, स्कोप आला, बसवला, ओळंबा शेजारच्या बांधकामावरून मागून आणला. शेतावर २० वर झिरो झाला आणि पुढच्या वेळी पण ग्रुप तिथेच आला, एक रुपयाच्या नाण्यात पाचही. पुढची साइट नाही, मागची साइट नाही, फुली आणि टारगेट दोन्ही एकदम लखलखीत, किती वर्षांनी असं दिसलं. लेझर समांतर लावला, नातू भिंतीवर ठिपका बघत बसतो आणि उठायला तयार नाही.

एकच विचारायचंय. क्लबमध्ये १० वर छर्रे ९ मिमी खाली लागतात, तुम्ही म्हणाला होतात तसंच. दर वेळी १२ क्लिक वर आणि घरी येताना १२ क्लिक खाली करायचं का? नॉब झिजणार नाही ना?

रेवती_रेंज_शेजारी

नाण्यात पाच, वा काका! नॉबला हातच लावू नका. तुमचं रेटिकल मिल-डॉट आहे ना, एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग, १० मीटरवर बरोबर १ सेमी. छर्रा ९ मिमी खाली लागतो म्हणजे फुलीऐवजी तिच्या खालचा पहिला ठिपका टारगेटच्या मधे धरायचा, रायफल आपोआप तेवढी वर होते. उरलेला १ मिमीचा फरक हवा तर ठिपक्याच्या वरच्या कडेने धरून जातो.

पण तुमच्यासारख्या स्कोपमध्ये झूम बदललं की फुली तेवढीच राहते आणि चित्र मोठं होतं, त्यामुळे दोन ठिपक्यांमधलं अंतर एका ठरावीक झूमवरच खरं एक मिल असतं, बहुतेक स्कोपमध्ये १० वर, काहींमध्ये सगळ्यात मोठ्या झूमवर. पुस्तिकेवर अवलंबून राहू नका. कागदावर एकाखाली एक १ सेमीच्या रेघा आखा, १० मीटरवर लावा, एओ १० वर ठेवा आणि झूमची कडी हळूहळू फिरवा. फुलीचा मध्य एका रेघेवर आणि खालचा पहिला ठिपका बरोबर पुढच्या रेघेवर बसला की तिथे कडीवर पांढऱ्या रंगाची बारीक खूण करा. क्लबमध्ये आलात की झूम त्या खुणेवर, नेम खालच्या ठिपक्याने. शेतावर झूम कितीही ठेवा, नेम फुलीने.